नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली, पण राहायचं कसं? (पुणे, लिव्ह अँड लायसन्स)

गवती_चहा | २ जुलै, रात्री ११:४०

मंडळी, हे लॉजच्या खोलीतून लिहितेय. सामान पुनावळ्यात अकराव्या मजल्यावर आहे आणि आम्ही तिघं इथं. लेक तीन वर्षांचा, आत्ताच झोपलाय.

आम्ही कोल्हापूरहून आलो. फ्लॅट एप्रिलमध्ये पाहिला होता. कोरी बिल्डिंग, मालकाला मार्चमध्ये ताबा मिळालेला, आमच्याआधी त्यात कुणी राहिलेलंच नाही. याचंच कौतुक वाटलं होतं हो! भाडं २४,०००, डिपॉझिट ७२,०००, एजंटला एक महिन्याचं भाडं. करार २० जूनला नोंदवला, अकरा महिन्यांचा, त्यात सहा महिने लॉक-इन, म्हणजे तोवर सोडायचं नाही. जुलैचं भाडं आधीच दिलंय.

काल टेम्पो आला. दूध उतू घालायचं म्हणून शेगडी सगळ्यात आधी वर नेली. दूध उतू गेलं, पातेलं घासायला नळ सोडला तर नळातून नुसती हवा. वॉचमन म्हणाला, टँकर सकाळी येतो, सात ते आठ पाणी, मग संध्याकाळी आलं तर आलं. बिसलरीच्या पाण्याने पातेलं धुतलं, तर सिंकमधलं पाणी बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमधून वर आलं. वाळूसकट.

बेडरूमची बाहेरची भिंत खिडकीपासून खाली ओली आहे. हात लावला तर रंग पापडासारखा सुटून तळव्यावर आला. कपाटाच्या मागे काळी बुरशी. गादी उभी करून सिलिंडरला टेकवून ठेवलीय. आणि लॉजवर यायचं खरं कारण हे की लाईट टिकेना. ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) सारखा पडायचा. इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने डीबीचं, म्हणजे विजेच्या स्विचांच्या पेटीचं, झाकण काढलं तर आत थेंब. मेन बंद केला आणि म्हणाला, "ताई, लेकराला घेऊन इथं झोपू नका."

मालक बेंगळुरूला. त्यांचं म्हणणं, नवीन बिल्डिंगला पहिल्या पावसात थोडंफार होतंच, बिल्डरला मेल टाकलाय, आठ-दहा दिवस द्या. एजंट म्हणतो, मी फक्त फ्लॅट दाखवला.

लॉक-इन असताना सोडता येईल का? डिपॉझिट मिळेल का? की दुरुस्ती आम्हीच करून भाड्यातून कापायची? डोकं चालत नाहीये.

---

आधी_पोटोबा | २ जुलै, रात्री ११:५२

जेवलात का? बाकीचं उद्या. आणि मेन बंद आहे तो बंदच राहू दे. उद्या दिवसा "जरा बघू" म्हणून कुणी चालू करू नका.

---

स्पष्टवक्ता_७७ | ३ जुलै, सकाळी ७:१५

काही नाही, किल्ली वॉचमनकडे टाका, नवीन घर बघा, डिपॉझिटसाठी पोलीस तक्रार करा. फसवणूक आहे ही सरळसरळ.

---

जुना_पेठकर | ३ जुलै, सकाळी ८:०२

पोलीस तीन मिनिटांत "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतील. अनुभव आहे.

आम्ही शुक्रवार पेठेत वाड्यात राहायचो तेव्हा मालक कधी कौलं परतून देत नसे. मेच्या शेवटी चार बिऱ्हाडं मिळून मालकाला कार्ड टाकायची, उत्तर नाही आलं की वर्गणी काढून माणूस वर चढवायचा आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मालक चडफडायचा, पण कायद्यात होतंच ते. आजही आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ बघा. मुली, तू दुरुस्ती करून घे आणि बिलं जपून ठेव.

---

कोर्टाची_पायरी | ३ जुलै, सकाळी ९:३०

पेठकरकाका, कलम बरोबर, पण ते या ताईंना लागू करायला जाल तर पंचाईत होईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कलम १४ म्हणतं की घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक. त्याने टाळाटाळ केली तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरी हलला नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. पण हे सगळं "भाडेकरू"साठी. तुम्ही वाड्यात भाडेकरू होतात. ताई भाडेकरू नाहीत. लिव्ह अँड लायसन्सवर सही केली की आपण लायसन्सी होतो, म्हणजे घर वापरायची फक्त परवानगी असलेले, आणि त्या करारात बहुधा एक ओळ मुद्दाम घातलेली असते की यातून कुठलाही भाडेहक्क निर्माण होत नाही. ती ओळ मालकाला पुढे घर खाली करून घेताना कामाला येते, आणि आपल्याला अशा वेळी नडते. आपण बोलताना सगळ्यांना भाडेकरू म्हणतो, पण कागद तसं म्हणत नाही.

त्यामुळे तुमचा आधार म्हणजे तुमचा करार, तुम्हाला दिलेली आश्वासनं, आणि १८७२चा करार कायदा. चुकीची माहिती देऊन संमती मिळवली असेल तर करार रद्द करायचा पर्याय ज्याची संमती घेतली त्याच्या हातात येतो, कलम १९. करार असा मोडला की ज्याने त्याखाली पैसे घेतले त्याला ते परत करावे लागतात, कलम ६५. लॉक-इनला घाबरू नका. लॉक-इन असतं ते राहता येणाऱ्या घराचं.

मालकाचा वकील काय म्हणेल तेही सांगतो. कलम १९ला एक अपवाद आहे: साध्या चौकशीने खरं कळलं असतं तर ही सबब चालत नाही. "ताईंनी घर स्वतः पाहिलं होतं" असं तो म्हणणार. त्यावर उत्तर हे की एप्रिलमध्ये कोरड्या भिंतीत ओल दिसत नाही. पाण्याचं मात्र तुम्हाला काय सांगितलं होतं ते महत्त्वाचं. जाहिरातीत, चॅटवर काही आहे का?

आज करायचं ते: घराचा पूर्ण व्हिडिओ, तारीख-वेळ दिसेल असा. नळ उघडून, सिंकचं पाणी परत येताना, डीबी उघडा असताना. मीटरचं रीडिंग. इलेक्ट्रिशियनकडून चार ओळी लिहून घ्या, त्याच्या सहीने. मालकाला ईमेल आणि त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने, करारातल्या पत्त्यावर. फोनवर बोललात तर लगेच मेसेज: "आत्ता आपण म्हणालात की…" त्याने नुसतं "ओके" लिहिलं तरी पुष्कळ झालं.

आणि स्पष्टवक्ते, किल्ली वॉचमनकडे टाकायची नाही म्हणजे नाही. उद्या मालक म्हणेल, ताबा कधी दिला मला माहीत नाही, ऑगस्टचंही भाडं द्या. किल्ली हे तुमच्या हातातलं शेवटचं हुकमाचं पान आहे.

---

गवती_चहा | ३ जुलै, दुपारी १:२०

वकीलसाहेब, तुमचे आभार कसे मानू. आत्ता व्हिडिओ करून आले. एजंटचं चॅट सापडलं, त्यात मी विचारलंय "पाणी कॉर्पोरेशनचं का?" आणि त्याचं उत्तर "हो मॅडम २४ तास नो टेन्शन". अंगठ्याच्या चित्रासकट.

---

दोन_बीएचके_एक_ईएमआय | ३ जुलै, दुपारी २:०५

मालकांची बाजू मांडायला कुणी नाही म्हणून लिहिते. आमचाही एक फ्लॅट आहे, ताथवड्याला. हप्ता ४१,०००, भाडं २५,०००. ताबा मिळाला की पहिल्या महिन्यात भाडेकरू मिळावा यासाठी माणूस देव पाण्यात ठेवतो. तुमच्या मालकाने त्या घरात एकही पावसाळा काढलेला नाही. त्यालाही माहीत नसेल. मुद्दाम फसवलंय असं मला वाटत नाही.

पण एक सांगते, त्याला हे सांगाच: बिल्डरला नुसता मेल टाकून भागणार नाही. रेरा कायद्याचं (बिल्डर आणि घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कलम १४(३) आहे. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला आणि तो कळवला, तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. हा हक्क त्याचा, तुमचा नाही. तुम्ही महारेराकडे (त्या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) गेलात तर म्हणतील, तुमचा बिल्डरशी करार कुठाय? आमच्या बाथरूमची गळती मी अशीच करून घेतली, फोटो आणि तारखा लावून. म्हणजे तुम्ही केलेला व्हिडिओ त्यालाच सगळ्यात उपयोगी आहे. भांडणाच्या सुरात पाठवू नका, "हा तुम्हाला लागेल" म्हणून पाठवा.

---

स्पष्टवक्ता_७७ | ३ जुलै, दुपारी २:३०

हप्ता मालकाचा, ओल भाडेकरूची. वा!

---

दोन_बीएचके_एक_ईएमआय | ३ जुलै, दुपारी २:४१

मी असं म्हटलेलं नाही. पैसे परत द्यायलाच हवेत. नीट वाचा की जरा.

---

सेंटरिंग_खोलली | ३ जुलै, दुपारी ४:१०

साईट इंजिनिअर आहे, म्हणून दोन गोष्टी. खिडकीच्या खालूनच ओल असेल तर बहुतेक वेळा खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यातली फट नीट भरलेली नसते, किंवा सिलच्या, म्हणजे चौकटीखालच्या, दगडाला बाहेरच्या बाजूला उतार नसतो. पाणी आत ओढलं जातं. आतून कितीही वॉटरप्रूफ पुट्टी मारा, काही होत नाही. काम बाहेरून करावं लागतं आणि अकराव्या मजल्यावर त्यासाठी झुला (वरून दोरांनी सोडलेला पाळणा) लावावा लागतो. भर पावसात झुला कोण लावणार? त्यामुळे "आठ-दहा दिवस" विसरा.

सिंकचं पाणी वाळूसकट परत येतंय म्हणजे लाईनमध्ये सिमेंटचा माल पडलाय. फरशीवाले उरलेला माल नहाणीत ढकलतात, हे आमच्या धंद्यातलं उघड गुपित. तो एका दिवसात निघतो.

आणि कॉर्पोरेशनचं पाणी नाही म्हणताय, तर आधी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला वापरता येईल असा कॉर्पोरेशनचा दाखला) पाहा. महारेराच्या साईटवर प्रकल्पाच्या पानावर कागदपत्रं असतात. कधी एका विंगचं मिळालेलं असतं, दुसरीचं नसतं आणि लोकांना ताबा मात्र दोन्हीकडे दिलेला असतो.

---

कोर्टाची_पायरी | ३ जुलै, सायं. ६:००

भोगवट्याचा मुद्दा मोठा आहे. मुंबईच्या एका सोसायटीला बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र मिळवून दिलंच नाही, तर सभासदांना मालमत्ता कर २५ टक्के आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त भरावी लागत होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की प्रमाणपत्र न मिळवणं ही बिल्डरच्या सेवेतली त्रुटी आहे, सोसायटी ग्राहक म्हणून दाद मागू शकते. तो हक्क सोसायटीचा, ताईंचा नाही. पण मालकाला लिहिताना हे एक वाक्य जरूर घाला की भोगवटा प्रमाणपत्राची प्रत पाठवा. नसेल तर त्याची भाषा लगेच मऊ होते.

---

एडिसनकर | ४ जुलै, पहाटे ४:४८

इकडे न्यू जर्सीत याच गोष्टीवर १९७० सालचा एक निकाल आहे. एका भाडेकरू बाईच्या संडासाचं भांडं तडकलं, फरशीवर पाणी. मालक काही सापडेना, असं तिचं म्हणणं. तिने ८५ डॉलर ७२ सेंट देऊन दुरुस्त करून घेतलं आणि महिन्याच्या ९५ डॉलर भाड्यातून कापले. मालक घर खाली करून मागायला कोर्टात गेला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि न्यायालय म्हणालं, घर भाड्याने दिलं म्हणजे ते राहण्याजोगं असल्याची हमी लिहिलेली नसली तरी दिलेलीच आहे. भाडेकरूला असा खर्च कापता येतो. आपल्याकडे असं का नाही?

---

गवती_चहा | ४ जुलै, सकाळी ७:०५

दादा, आमच्याकडे भांडं अगदी नवं कोरं आहे. त्यात ओतायला पाणी नाही.

---

कोर्टाची_पायरी | ४ जुलै, सकाळी ९:१०

एडिसनकर, केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना काढला, त्यात जवळपास हेच आहे. घर राहण्याजोगं नाही आणि मालक दुरुस्ती करत नसेल तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन सोडता येतं, आणि डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. पण नमुना तो नमुनाच. राज्याने आपला कायदा केला तर लागू, नाहीतर वाचायला छान. आपल्याकडे १९९९चाच चालू आहे.

---

बाकरवडी_आणि_बिल | ४ जुलै, सकाळी १०:२२

अवांतर, पण विचारतेच. आमचा करार नोंदवलेलाच नाही, नोटरी केलाय फक्त. एजंट म्हणाला अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही. आमच्याकडे असं काही झालं तर?

---

कोर्टाची_पायरी | ४ जुलै, सकाळी १०:५०

हे अकरा महिन्यांचं कुणी पसरवलंय देव जाणे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो दोन महिन्यांचा का असेना. जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंमत म्हणजे नोंदणी नसेल तर घर कुठल्या अटींवर दिलं याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. तेव्हा तुमच्यापेक्षा तुमच्या मालकाने काळजी करावी.

खर्चाचंही बोलून टाकू. या ताईंच्या आकड्यांवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्क्याने सातशेच्या आत येतं, नोंदणी फी शहरात १,०००. बाकी जे घेतात ते घरी येऊन अंगठे घेण्याचे.

---

गवती_चहा | ४ जुलै, सकाळी ११:३०

आमच्याकडून ४,५०० घेतले.

---

जुना_पेठकर | ४ जुलै, सकाळी ११:३४

अंगठा महाग झाला पुण्यात.

---

गवती_चहा | ६ जुलै, रात्री १०:१५

अपडेट. मेल आणि स्पीड पोस्ट दोन्ही गेलं. मेलमध्ये लिहिलं: घरात वीज सुरक्षित नाही, पाणी नाही, भिंतीला ओल आहे, आम्ही एकही रात्र तिथे झोपलेलो नाही; भोगवटा प्रमाणपत्राची प्रत द्या; सात दिवसांत घर राहण्याजोगं झालं नाही तर करार रद्द समजून डिपॉझिट आणि भाडं परत करावं. व्हिडिओ ईएमआयताईंनी सांगितला तसाच पाठवला, "बिल्डरसाठी उपयोगी पडेल" म्हणून.

काल मालकांचा फोन आला. आवाज बदललेला. प्रमाणपत्र त्यांच्या विंगचं अजून आलेलंच नाहीये, बिल्डर "या महिन्यात" म्हणतोय. ते बिचारे म्हणाले, मला वाटलं ताबा दिला म्हणजे सगळं झालंच असेल. वाईट वाटलं मला. मग म्हणाले, डिपॉझिट देतो पण जुलैचं भाडं ठेवतो. मी म्हटलं, विचार करून सांगते. (आधी मी "बरं" म्हणून मोकळी झाले असते.)

लॉजचे रोज १,४०० जातायत. कोर्टबिर्ट नको आहे मला.

---

कोर्टाची_पायरी | ७ जुलै, सकाळी ८:४०

नकोच. ७२,००० साठी दावा म्हणजे वर्षं जातील. तो मुळीच देईनासा झाला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात. दावा दाखल करायच्या आधीच ते दोघांना बोलावून समेट घडवतात, आणि महिलांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. पण हा माणूस द्यायला तयार दिसतोय. "लोकअदालतीत भेटू" असं नुसतं नम्रपणे लिहा, बस.

भाड्यावर घासाघीस करा. सामान सात-आठ दिवस त्याच्या घरात आहे, तेवढ्याचं द्यायला हरकत नाही. एजंटला चॅटचा फोटो पाठवा आणि काही लिहू नका.

रद्दपत्रावर दोघांच्या सह्या हव्यात: ताबा कुठल्या तारखेला परत दिला, किती पैसे परत मिळाले, यापुढे कुणाचं कुणाकडे काही देणं नाही. पैसे खात्यात दिसले की मग किल्ली. पोलिसांकडे भाडेकरू म्हणून माहिती गेली असेल तर तिथेही घर सोडल्याचं कळवा.

---

आधी_पोटोबा | ७ जुलै, सकाळी ९:०५

आणि सात दिवस लॉजचं जेवण झालं असेल. पुनावळ्याच्या जवळ आहे मी, डबा पाठवते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.

---

गवती_चहा | १२ जुलै, रात्री ९:५०

झालं एकदाचं. डिपॉझिट पूर्ण ७२,०००, जुलैच्या भाड्यातले १८,००० परत. मालकांचा चुलतभाऊ आला होता किल्ली घ्यायला. तो भिंतीसमोर उभा राहून दादाला व्हिडिओ कॉल लावून दाखवत होता, "बघ, बघ, बोट आत जातंय." रद्दपत्रावर सह्या झाल्या. एजंटने १२,००० परत दिले. चॅटचा फोटो पाठवल्यावर चाळीस मिनिटांनी फोन आला. "ताई गैरसमज झाला." बाकीचे १२,००० आणि लॉजचे पैसे गेले. गेले तर गेले.

पोटोबाताईंच्या डब्यातली मुगाची उसळ लेकाने दोनदा मागून खाल्ली.

काल चिंचवडला जुन्या बिल्डिंगमध्ये दुसरं घर पाहिलं. पंचवीस वर्षांची इमारत, लिफ्ट कुरकुरते, पण भिंती भर पावसात कोरड्या. मी सगळे नळ एकदम सोडले, सिंक भरून मोकळं केलं, नहाणीपाशी बसून बघितलं, डीबीचं झाकण उघडून मागितलं. घरमालकीण काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. पाच मिनिटं झाली तेव्हा न राहवून म्हणाल्या, "अगं, पाणी येतंय बाई, बंद कर आता."